चोराची वाट, आजीची वाट

मोशन सेन्सर बसवणं म्हणजे भिंतीला दोन भोकं पाडून मोकळं होणं नव्हे. तो कुठे लावायचा हे ठरवायला आधी आपलं घर नीट बघावं लागतं. दुपारचं, रात्रीचं आणि कुलूप लावल्यानंतरचंही!

रात्रीचे दोन वाजून वीस मिनिटं. गाढ झोपेत असताना अचानक ठणाणा सुरू झाला. नवरा ताडकन उठला, मी त्याच्यामागे. पॅसेजमध्ये लाइट लावला तर समोर आजी. एक हात भिंतीला, दुसरा कानावर. पायाशी पाण्याचा तांब्या लवंडलेला आणि फरशीवर पाणीच पाणी. तेवढ्यात बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधले काका बनियन-लुंगीवर, हातात मुलाची क्रिकेट बॅट घेऊन हजर!

"कोण आलंय?" काका.

"कोणी नाही हो काका, आजी बाथरूमला उठल्या होत्या," मी.

आठवड्यातली ही तिसरी वेळ होती. काका काही बोलले नाहीत. पण बॅट खांद्यावर टाकून परत जाताना त्यांनी जो चेहरा केला, त्यावरून एक गोष्ट कळली. चौथ्या वेळी काका येणार नव्हते.

आणि इथेच खरी गोम आहे मंडळी. सायरन वाजल्यावर कोणी येत नसेल, तर तो सायरन नाही, नुसता त्रास आहे.

तर झालं असं...

आम्ही कोथरूडला राहतो. पंचवीसेक वर्षांची बिल्डिंग, पहिला मजला, टू बीएचके. नवरा आयटीत, अमेरिकेच्या वेळेप्रमाणे कॉल्स. मी फ्रीलान्स, म्हणजे माझी कामाची वेळ कुठलीही. सासू-सासरे सांगलीला. नवऱ्याची आजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आली आणि मग इथेच राहिली. वय ब्याऐंशी. डोकं आमच्या दोघांपेक्षा तल्लख.

दिवाळीत आम्ही तिघंही चार दिवस सांगलीला गेलो होतो. परत आलो तर बिल्डिंगखाली घोळका. दुसऱ्या मजल्यावरचा बंद फ्लॅट फोडला होता. पेपरात दर सुट्टीनंतर आपण वाचतो ना, 'कडी-कोयंडा उचकटून', अगदी तस्संच. पेपरात वाचणं वेगळं आणि आपल्याच जिन्यात उचकटलेला कोयंडा लोंबकळताना बघणं वेगळं. त्या रात्री मी तीनदा उठून दार बघितलं.

दुसऱ्याच दिवशी सिक्युरिटी किट मागवलं. एक हब, सायरन, दाराला लावायचे दोन मॅग्नेटिक कॉन्टॅक्ट, तीन मोशन सेन्सर आणि मोबाइलवर अॅप. बसवायला एक मुलगा आला. चाळीस मिनिटांत काम फत्ते. हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक ("इथे मस्त दिसेल मॅडम, पांढऱ्या भिंतीला मॅच होतंय"), दुसरा पॅसेजच्या टोकाला, तिसरा आमच्या बेडरूममध्ये. "रात्री झोपताना नाइट मोड टाकायचा, बास," म्हणाला आणि पुढच्या कॉलला पळाला.

मग सुरू झाली मालिका. दुपारी चार-साडेचारला घरी कोणी नसताना अलार्म. संध्याकाळी अलार्म. एकदा तर आम्ही तिघं हिंजवडीला एका लग्नाच्या रिसेप्शनला, जेवणाचं ताट हातात, आणि फोनवर मेसेज: 'हॉलमध्ये हालचाल'. धावतपळत घरी आलो तर सेन्सरच्या भिंगावर एक गलेलठ्ठ पाल आरामात बसलेली!

त्यात रात्रीचा आजीचा प्रकार. तिला आम्ही सांगून ठेवलं, "आजी, रात्री उठायचं असलं तर आम्हाला हाक मारा. आधी अॅपवर बंद करू, मग जा." आजी "बरं" म्हणाली. त्यानंतर रात्रीचा अलार्म वाजला नाही. आम्हाला वाटलं, प्रॉब्लेम सुटला.

"संध्याकाळी सहानंतर पाणी नाही पीत"

तीन आठवड्यांनी आजीला लघवीला जळजळ व्हायला लागली, अंगात कणकण. आमच्या नेहमीच्या डॉक्टरबाईंनी तपासलं, टेस्ट लिहून दिली आणि सहज विचारलं, "आजी, पाणी किती पिता दिवसभरात?"

आजी माझ्याकडे बघून म्हणाली, "संध्याकाळी सहानंतर नाही पीत. रात्री उठावं लागतं ना. मग तो भोंगा वाजतो, सगळ्यांची झोपमोड. हिला सकाळी काम असतं."

मी गप्प. डॉक्टरबाईही गप्प. मग त्या एवढंच म्हणाल्या, "तो भोंगा काढा किंवा हलवा. पण पाणी सोडायचं नाही."

घरी येताना रिक्षात मी विचार करत होते. चोर आलाच नव्हता. पण तो येईल या भीतीने आम्ही आमच्याच घरातल्या माणसाची वाट अडवून बसलो होतो. आणि तिने आम्हाला हाक मारण्याऐवजी सरळ तहान मारली होती.

त्या संध्याकाळी सिस्टीम बंद केली. पण वर उचकटलेला तो कोयंडाही डोळ्यांसमोरून जात नव्हता. म्हणून या वेळी आधी अभ्यास करायचा ठरवला. मॅन्युअल वाचली (हो, कोणीतरी वाचतं ती!), दोन-तीन अनुभवी टेक्निशियन्सशी बोलले आणि कळलं की चूक यंत्राची नव्हतीच. चूक जागेची होती.

हा डोळा बघतो तरी काय?

आपल्याला वाटतं, मोशन सेन्सर म्हणजे छोटा कॅमेरा. तसं अजिबात नाही. घरात वापरतात ते बहुतेक सेन्सर 'पीआयआर', म्हणजे पॅसिव्ह इन्फ्रारेड असतात. पॅसिव्ह अशासाठी की ते स्वतः काहीच सोडत नाहीत, फक्त येणारी उष्णता टिपतात. विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने 1800 मध्ये सूर्यप्रकाशाच्या लाल पट्ट्यापलीकडे थर्मामीटर ठेवला आणि न दिसणारे उष्ण किरण शोधले. तेच हे इन्फ्रारेड. तुमच्या-माझ्या अंगातूनही ते सतत बाहेर पडत असतात.

सेन्सरच्या आत शेजारी शेजारी दोन छोटे तुकडे असतात. खोली हळूहळू तापली तर दोन्ही तुकड्यांवर सारखाच परिणाम होतो आणि तो एकमेकांत वजा होतो. पण माणूस समोरून चालत गेला की त्याची उष्णता आधी एका तुकड्यावर पडते, मग दुसऱ्यावर. हा फरक पडला की यंत्र म्हणतं, कोणीतरी हललं! पुढे जे दुधट प्लास्टिकचं भिंग दिसतं ते फ्रेनेल लेन्सच्या तत्त्वावर चालतं. ऑग्युस्तँ फ्रेनेलने 1820 च्या दशकात दीपगृहांसाठी बनवलेलं भिंग, त्याचीच ही धाकटी बहीण. ते खोलीचे हातपंख्याच्या घडीसारखे पट्टे पाडतं. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की सिग्नल.

एवढा फंडा क्लिअर झाला की जागा निवडायचे निम्मे नियम आपोआप कळतात.

आडवा, उभा नाही

पहिला नियम: माणूस सेन्सरसमोरून आडवा गेला पाहिजे. पट्टे ओलांडले की सेन्सर पटकन पकडतो. सरळ त्याच्या दिशेने चालत आलेला माणूस एकाच पट्ट्यात जास्त वेळ राहतो, त्यामुळे तो उशिरा टिपला जातो. आमचा पॅसेजमधला सेन्सर नेमका पॅसेजच्या टोकाला, समोर तोंड करून होता. म्हणजे ज्याच्यासाठी लावला, त्याला पकडण्यात तो सर्वांत कच्चा!

म्हणून खोलीचा कोपरा बेस्ट. कोपऱ्यातून साधारण 90 अंशांत अख्खी खोली दिसते आणि दारातून आत येणारा बहुतेक वेळा आडवा जातो.

उंची साधारण सात ते आठ फूट. म्हणजे स्टुलावर चढून हात पोचेल इतकी. फार वर लावला तर खालून जाणारा सुटतो, फार खाली लावला तर सोफा आडवा येतो आणि येता-जाता धक्केही लागतात. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये जी उंची लिहिली असेल ती फायनल, कारण भिंगाचे पट्टे त्याच हिशेबाने कापलेले असतात.

रेंजचं मात्र टेन्शन घेऊ नका. बहुतेक सेन्सर दहा-बारा मीटरपर्यंत बघतात. आपल्या दहा बाय बाराच्या खोल्यांना तेवढं भरपूर झालं! आपल्याकडे प्रॉब्लेम असतो तो सामानाचा. उंच शोकेस, उघडं राहिलेलं कपाटाचं दार, वाळत घातलेल्या चादरींचा स्टँड. यांच्यामागे सेन्सरला काहीही दिसत नाही. नवीन कपाट घेतलं किंवा सोफा हलवला की सेन्सरची जागा पुन्हा तपासायची.

आणि काचेतून? नाही दिसत. आपल्या डोळ्यांना काच आरपार असते, पण अंगातून निघणारे उष्ण किरण साध्या खिडकीच्या काचेतून जातच नाहीत. त्यामुळे आत बसवलेला पीआयआर बाल्कनीतल्या माणसाला बंद काचेपलीकडून पकडेल, हा गैरसमज काढून टाका.

पाल, समई आणि पश्चिमेचं ऊन

आता खोट्या अलार्मकडे वळू. परदेशी मॅन्युअलमध्ये हीटर आणि फायरप्लेसपासून लांब लावा, असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे फायरप्लेस कुठून येणार? आपली लिस्ट वेगळी आहे.

ऊन: आमचा हॉलमधला सेन्सर पश्चिमेच्या बाल्कनीकडे तोंड करून होता. चार वाजले की थेट त्याच्या तोंडावर ऊन. ढग आला-गेला की उष्णतेत फरक, आणि अलार्म! उपाय सोपा, सेन्सरची पाठ खिडकीकडे आणि तोंड घराच्या आत.

पाल आणि किडे: लांबवरची पाल सेन्सरला जाणवतही नाही, पण तीच भिंगावर येऊन बसली की भिंगाच्या इतक्या जवळची हालचाल त्याला माणसाएवढी मोठी वाटते. त्यामुळे सेन्सर ट्यूबलाइटजवळ लावू नका. किडे तिथे, तर पाल तिथे. वायर भिंतीतून आणली असेल तर मागचं भोक सिलिकॉनने बंद करा, नाहीतर मुंग्या थेट आत संसार थाटतात.

देवघर: समई किंवा निरांजनाची ज्योत म्हणजे हलणारी उष्णता. दिवा तेवत ठेवून बाहेर पडायची सवय असेल तर देवघर सेन्सरच्या नजरेत नको. (तशीही ती सवय सोडलेली बरी!)

एसी आणि फ्रिज: एसीचा झोत थेट सेन्सरवर नको. फ्रिजच्या मागून गरम हवा निघते, तिथेही नको. पंख्याने हलणारे पडदे उन्हाने तापलेले असतील तर तेही घोटाळा करतात.

मांजर-कुत्रा: 'पेट इम्यून' सेन्सर मिळतात. त्यावर किती किलोपर्यंतचा प्राणी चालेल ते लिहिलेलं असतं. पण हे गणित प्राणी जमिनीवर आहे असं धरून केलेलं असतं. कुत्रा ऐकतो. मांजर सोफ्यावरून टीव्ही युनिटवर आणि तिथून कपाटावर गेली की सेन्सरच्या दृष्टीने ती चोरच. तिचे चढायचे रस्ते बघा आणि सेन्सर तिथून दूर ठेवा.

एक उलटा प्रॉब्लेमही आहे, आणि तो आपल्या हवामानात महत्त्वाचा. सेन्सरला फरक कळतो तो माणसाच्या आणि खोलीच्या तापमानातला. त्वचेचं तापमान असतं तेहतीस-चौतीस अंशांच्या आसपास. मे महिन्यात बंद घर तेवढंच तापलं की हा फरक जवळजवळ संपतो आणि सेन्सर मंदावतो. नागपूर-अकोल्याच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे खरेदी करताना 'टेम्परेचर कॉम्पेन्सेशन' आहे का ते विचारा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाला जाताना फक्त मोशन सेन्सरच्या भरवशावर राहू नका. दाराखिडक्यांचे मॅग्नेटिक कॉन्टॅक्ट उन्हाने मंदावत नाहीत.

'ड्युअल टेक्नॉलॉजी'चे सेन्सरही असतात. त्यात पीआयआरबरोबर मायक्रोवेव्हही असते आणि दोघांनीही 'हो' म्हटलं तरच अलार्म वाजतो. खोटे अलार्म कमी होतात. पण मायक्रोवेव्ह पातळ पार्टिशन आणि काचेपलीकडची हालचालही टिपते, म्हणून ते जिन्याच्या बाजूच्या पातळ भिंतीकडे रोखू नका.

लाल पेन, निळं पेन

हे सगळं वाचून झाल्यावर आम्ही दुसऱ्या एका टेक्निशियनला बोलावलं. पन्नाशीचे, शांत गृहस्थ. त्यांनी बॅग उघडलीच नाही. खुर्चीत बसले आणि पहिला प्रश्न विचारला, "रात्री घरात कोण कोण उठतं?"

खरं सांगते, हा प्रश्न आधीच्या मुलाने विचारला नव्हता आणि आम्हालाही सुचला नव्हता.

मग त्यांनी कागद मागितला. त्यावर घराचा कच्चा नकाशा काढला. लाल पेनने चोराच्या वाटा: मुख्य दार, बाल्कनी (पहिला मजला आणि शेजारून गेलेला ड्रेनेजचा पाइप!), किचनची ड्राय बाल्कनी. तिथून पुढे तो जाणार कुठे? "बेडरूममधल्या लोखंडी कपाटाकडे. बहुतेकांचं सगळं तिथेच असतं," ते म्हणाले. मग माझ्या हातात निळं पेन दिलं. "आता तुमच्या वाटा काढा. रात्री अकरा ते सकाळी सहा."

मी काढल्या. नवरा कॉल संपवून दोन वाजता किचनमध्ये. मी कधीतरी पाण्यासाठी. आणि आजीच्या खोलीतून बाथरूमपर्यंत मी निळी रेघ ओढली. तेवढ्यात आजी आतून म्हणाली, "एक नाही, तीन काढ. तीनदा उठते मी." निळ्या तीन रेघा, आणि तिन्ही बरोब्बर पॅसेजमधल्या सेन्सरखालून जाणाऱ्या!

"जिथे लाल आहे आणि निळं नाही, तिथे सेन्सर," ते म्हणाले. "जिथे दोन्ही आहेत, तिथला सेन्सर फक्त घर बंद असताना चालू."

इतकं साधं! पण मोठ्या बंगल्यात हे सोपं जातं. आपल्या सहा-सातशे स्क्वेअर फुटांत लाल आणि निळ्या रेघा एकमेकींत गुंतलेल्या असतात. तिथे कामाला येतात ते मोड. बहुतेक सिस्टीममध्ये दोन तरी असतात. 'अवे', म्हणजे घरात कोणीच नाही, सगळे सेन्सर जागे. आणि 'होम' किंवा 'नाइट', म्हणजे माणसं घरात आहेत, फक्त दारं-खिडक्या जाग्या आणि आतले सेन्सर झोपलेले. कुठल्या मोडमध्ये कोण जागं राहील हे अॅपमध्ये स्वतः ठरवायचं असतं. कंपनीने ठेवलेली सेटिंग तुमच्या घराला लागू पडेलच असं नाही. आमच्याकडे 'नाइट'मध्ये पॅसेजचा सेन्सर चालूच होता. तीन आठवडे आजी तहानलेली राहिली ती अॅपमधल्या त्या एका टिकमार्कमुळे.

यावरून वाचलेली एक गोष्ट आठवली. घरासाठी कॅमेरा असलेली पहिली सिक्युरिटी सिस्टीम बनवली ती एका नर्सने. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी. तिचं काम वेळीअवेळी, नवराही घरी नसायचा, आणि पोलिसांना बोलावलं तर यायला वेळ लागायचा. नवऱ्याच्या मदतीने तिने 1966 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, 1969 मध्ये पेटंट मिळालं. दारात वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, त्यांच्यावर वर-खाली सरकणारा कॅमेरा, आत टीव्हीचा पडदा, आणि मदत बोलवायचं बटण. भोकं चार का? उंच माणूसही दिसावा आणि लहान मूलही. म्हणजे तिने आधी आपल्या दारात कोण येतं ते बघितलं आणि मग यंत्र बनवलं. आम्ही नेमकं उलटं केलं होतं.

आता आमच्याकडे असं आहे

हॉलमधला सेन्सर टीव्हीवरून उठला आणि बाल्कनीच्या बाजूच्या कोपऱ्यात गेला. पाठ उन्हाकडे, तोंड आत. मुख्य दारातून येऊन आत जाणारा माणूस त्याच्यासमोरून आडवा जातो. पॅसेजचं तोंड त्याला थोडं दिसत होतं, तेवढा भिंगाचा भाग त्याच्याबरोबर आलेल्या मास्किंग स्टिकरने झाकला.

बाल्कनीच्या दारावर 'कर्टन' प्रकारचा एक सेन्सर नवीन घेतला. तो पसरट बघत नाही. पडद्यासारखी एक अरुंद उभी पट्टी फक्त बघतो. दारातून कोणी आत पाऊल टाकलं तरच वाजतो. हॉलमध्ये तुम्ही नाचलात तरी त्याला पत्ता नाही.

बेडरूममधला सेन्सर दाराकडून कपाटाकडे जाणारी वाट आडवी बघतो आणि फक्त 'अवे' मोडमध्ये जागा असतो. ड्राय बाल्कनीच्या दाराला मॅग्नेटिक कॉन्टॅक्ट.

पॅसेजमधला सेन्सर काढून टाकला. त्या जागी काही शे रुपयांचा एक छोटा मोशन लाइट आला, जमिनीपासून फूटभर उंचीवर. त्याच्या आतही तोच पीआयआर, तेच भिंग! फरक एवढाच की हालचाल दिसली की तो ओरडत नाही, मंद पिवळा उजेड पाडतो.

आणि कॅमेरा? आतल्या खोल्यांत नाही लावला. नवरा म्हणत होता, आजीकडे लक्ष राहील. आजी म्हणाली, "मला कोणी बघत बसलेलं नको." पीआयआरचा हाही एक प्लस पॉइंट. त्याला कळतं की कोणीतरी आहे, पण ते कोण, कसं बसलंय, काय नेसलंय हे कळत नाही. घरात वयस्कर माणूस असेल तर हा फरक लहान नाही.

टेस्ट घेतल्याशिवाय झोपू नका

सेन्सर लावले म्हणजे झालं असं नाही. सिस्टीम 'वॉक टेस्ट' मोडवर टाका, म्हणजे सायरन वाजत नाही, फक्त सेन्सरचा छोटा लाल दिवा लुकलुकतो. मग प्रत्येक लाल रेघेवरून स्वतः चालत जा. हळू, भरभर, भिंतीला लागून. मॉडेलमध्ये वॉक टेस्ट नसेल तर एक लक्षात ठेवा: बॅटरीवरचे बरेच सेन्सर एकदा हालचाल टिपली की बॅटरी वाचवायला दोन-तीन मिनिटं डुलकी काढतात. लगेच परत चाललात तर वाटेल सेन्सर खराब आहे. तेवढा वेळ खोलीबाहेर थांबून मग तपासा.

आमच्याकडे वॉक टेस्ट आजीने केली. काठी टेकत टेकत हॉलमध्ये गेली, दिवा लुकलुकला. "दिसले का गं मी?" "हो आजी, दिसलात." मग आपल्या खोलीतून बाथरूमपर्यंत गेली, परत आली. दिवा गप्प. "आता?" "आता नाही दिसलात." आजी खूश!

निघण्यापूर्वी एक नजर

• घराचा नकाशा काढा. लाल आणि निळ्या रेघा स्वतः ओढा, आणि घरातल्या प्रत्येकाला विचारून ओढा. आजी-आजोबांना, मुलांना, रात्रपाळीवाल्याला.

• सेन्सर कोपऱ्यात, सात-आठ फुटांवर, पाठ खिडकीकडे. वाट आडवी दिसेल असा.

• ट्यूबलाइट, एसी, फ्रिज, देवघर यांच्यापासून लांब.

• कुठल्या मोडमध्ये कुठला सेन्सर जागा, ते अॅपमध्ये एकेक करून तपासा.

• लाइट गेले तर? हबला बॅटरी बॅकअप असतो, पण वायफायचा राउटर बंद पडला तर फोनवर मेसेज येणार नाही. राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

• भाड्याचं घर असेल आणि टेपने चिकटवत असाल तर आधी भिंत बघा. डिस्टेंपरची पावडर सुटणाऱ्या किंवा पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर टेप टिकत नाही. सेन्सर खाली पडला की तोच मोठा अलार्म!

• महिन्यातून एकदा भिंग कोरड्या मऊ कापडाने पुसा, कोळ्याचं जाळं काढा, वॉक टेस्ट घ्या.

• शेजाऱ्यांना सांगून ठेवा की सायरन वाजला तर काय करायचं. घरात कोणी घुसल्याची शंका असेल तर बॅट घेऊन आत जायचं नाही. बाहेरूनच 112 ला फोन करायचा.

शेवटच्या मुद्द्यासाठी आम्ही समोरच्या काकांकडे चहाला गेलो. सॉरी म्हटलं, सगळं समजावून सांगितलं. काका म्हणाले, "अगं, मी येणारच होतो गं. पण बॅट ठेवली होती माळ्यावर." आता त्यांच्याकडे आमची एक किल्ली असते आणि फोनमध्ये नंबर.

त्यानंतर रात्री सायरन वाजलेला नाही. चोर आला नाही म्हणूनही असेल. पण आता तो वाजला तर आम्ही तिघंही दचकून उठू आणि काकाही येतील, एवढी खात्री आहे. वैताग न येता विश्वास बसेल असा सायरन असणं, हीच अर्धी सिक्युरिटी.

काल रात्री दोनला मी हा लेख लिहीत बसले होते. पॅसेजमध्ये मंद पिवळा उजेड पडला. आजी बाथरूमला गेली, परत आली, जाता जाता माझ्या दारात थांबली. "अजून जागीच? पाणी पी जरा," म्हणाली आणि झोपायला गेली. मिनिटभराने उजेड आपोआप मालवला.

या वीकेंडला एक कागद घ्या, दोन पेनं घ्या. ड्रिल मशीन नंतर!